आई त्याला बिल म्हणे

ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची १९६८ साली निघालेली एक तबकडी आहे, 'अँड हिज मदर कॉल्ड हिम बिल' या नावाची. नावाच्या आधी तीन टिंबे छापलेली आहेत. म्हणजे आपण वाक्याच्या मध्यावर येऊन पोचलो आहोत आणि आधीचे काही ऐकायचे राहून गेले आहे. राहून गेलेला भाग आपल्यापुरता असा भरून काढता येतो: ताफ्यातले लोक त्याला 'स्वी पी' म्हणत (पॉपाय नाविकाच्या चित्रकथेतल्या तान्ह्या बाळाचे हे नाव), कुणी 'स्ट्रेज' म्हणे, तबकड्यांवर जेव्हा छापले जाई तेव्हा त्याचे नाव बिली स्ट्रेहॉर्न असे छापले जाई, आणि आई त्याला बिल म्हणे. हा स्ट्रेहॉर्न ३१ मे १९६७ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेला. तीन महिने उलटतात न उलटतात तोच, ऑगस्टच्या अखेरीस, एलिंग्टन आपला ताफा घेऊन ध्वनिमुद्रणास बसला. काम नोव्हेंबरात संपले.

जॅझमध्ये दिवंगत वृंदनायकासाठी तबकडी काढण्याची चाल चांगलीच रुळलेली आहे. कधी नायकामागे त्याचाच ताफा वारसाच्या हाताखाली त्याच्याच रचना वाजवत राहतो; खुद्द एलिंग्टन मे १९७४ मध्ये गेल्यावर त्याचा मुलगा मर्सर याने हेच केले. कधी एखादा थोर समकालीन स्वतःच्या भाषेत शोक करतो. माइल्स डेव्हिसने एलिंग्टनसाठी १९७४ मध्येच मुद्रित केलेली 'ही लव्ह्ड हिम मॅडली' ही रचना अर्ध्या तासाहून मोठी आहे आणि तीत एलिंग्टनची एकही चाल नाही. कधी मरणारा आणि शोक करणारा मिळूनच काम सुरू करतात: जोनी मिचेलची 'मिंगस' ही तबकडी चार्ल्स मिंगसच्या हयातीत सुरू झाली, जानेवारी १९७९ मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी ती बाहेर आली. प्रकार कोणताही असो, दिशा एकच असते. नायक जातो आणि मागे उरलेले त्याला वाजवतात.

एलिंग्टनच्या या तबकडीत ही दिशा उलटली आहे. इथे नायक जिवंत आहे आणि गेला आहे तो त्याच्या पडद्यामागे बसून लिहिणारा माणूस. ज्याच्या रचनांवर नायकाचे नाव पडत राहिले त्याच्यासाठी नायकाने काढलेली ही तबकडी आहे. आम्हांस ती इतर सर्व स्मृति-तबकड्यांहून अधिक अस्वस्थ करते ती या कारणाने. केवळ प्रेम म्हणून ती ऐकावी तर मध्येच हिशेबाची वही उघडते. फेडलेले ऋण म्हणून ऐकावी तर एखाद्या सुरावटीशी सगळा हिशेब विसरायला होतो.

विद्यापीठांच्या आसपास वावरलेल्या वाचकांस या जातीची एक वस्तू चांगली परिचयाची असेल, ती म्हणजे स्मृतिग्रंथ. काही वर्षांपूर्वी अशा एका ग्रंथाशी आमचा संबंध आला. ज्यांच्यासाठी तो निघाला ते आमचे एक ज्येष्ठ सहकारी. त्यांच्या स्वतःच्या नावावर एकच बारीकसे पुस्तक होते. परंतु आमच्या पिढीतल्या निदान दहा-बारा जणांच्या प्रबंधांतून आणि पुस्तकांतून त्यांचा हात फिरला होता. प्रकरणांचा क्रम त्यांनी लावलेला, मथळे त्यांनी सुचवलेले, आणि कित्येक प्रस्तावनांतली निम्मी अधिक वाक्ये त्यांची. हे सर्वांना ठाऊक होते आणि कुणी लपवीतही नव्हते. ऋणनिर्देशात 'मौलिक सूचना केल्या' असे एक वाक्य असे. ते गेल्यावर आम्ही संपादक मंडळास सुचवले की ग्रंथात त्यांच्याविषयीचे लेख थोडे कमी घ्यावेत आणि त्यांनी लिहिलेले असे जे इतरांपाशी पडून आहे (टाचणे, पत्रे, हस्तलिखितांच्या समासांत लिहिलेल्या टिपा) ते छापावे. मंडळातील एका वडीलधाऱ्या सदस्याने शांतपणे विचारले, "पण ते कुणाचे म्हणून छापायचे?" प्रश्न गैर नव्हता. त्या टिपांतून उगवलेली पुस्तके दुसऱ्यांच्या नावांनी केव्हाच प्रसिद्ध झाली होती. ग्रंथ निघाला, देखणा निघाला. त्यात सहकाऱ्यांच्या साधेपणाविषयी, चहाच्या आवडीविषयी आणि स्मरणशक्तीविषयी भरपूर मजकूर आहे. त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही नाही.

त्याच सुमारास आम्ही एलिंग्टनची ही तबकडी वारंवार ऐकत होतो. 'कुणाचे म्हणून' हा प्रश्न तिच्या पोटात पहिल्यापासून बसलेला आहे, पण तो कळण्यास स्ट्रेहॉर्न आणि एलिंग्टन यांचे नाते थोडे सविस्तर सांगावे लागेल.

विल्यम टॉमस स्ट्रेहॉर्न २९ नोव्हेंबर १९१५ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन गावी जन्मला आणि वाढला पिट्सबर्गमध्ये. १९३८ च्या डिसेंबरात एलिंग्टनचा ताफा पिट्सबर्गच्या स्टॅन्ली थिएटरात आला असता कुणीतरी या तेवीस वर्षांच्या पोराला रंगमंचामागे नेले. त्याने 'सॉफिस्टिकेटेड लेडी' हे एलिंग्टनचे गाणे आधी एलिंग्टन वाजवतो तसे वाजवून दाखवले आणि मग आपण कसे वाजवू ते दाखवले. आमच्या मते पुढच्या अठ्ठावीस वर्षांचे सार या दोन वादनांत आहे. दुसऱ्याचा हुबेहूब आवाज काढता येणे आणि त्याच आवाजात राहून वेगळे काही म्हणता येणे, ही स्ट्रेहॉर्नची देणगी होती. शापही तोच. न्यू यॉर्कला आपल्या घरी कसे पोचायचे, कोणती भुयारी गाडी पकडायची, हे एलिंग्टनने त्याला सांगितले आणि त्यातून 'टेक द ए ट्रेन' ही रचना झाली, ही कथा सर्वश्रुत आहे. ती एलिंग्टनच्या ताफ्याची ओळख-धून कशी बनली, ही कथा तितकी ऐकिवात नसते, आणि ती जास्त बोधप्रद आहे. संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी एस्कॅप ही संस्था आणि अमेरिकेतील रेडिओ केंद्रे यांचे दरांवरून बिनसले आणि १ जानेवारी १९४१ पासून एस्कॅपच्या सभासदांच्या रचना रेडिओवरून हद्दपार झाल्या. एलिंग्टन सभासद होता. त्याचे सारे भांडार एका रात्रीत मुके झाले. स्ट्रेहॉर्न आणि मर्सर सभासद नव्हते. त्यांनी घाईघाईने नवे भांडार उभे केले, आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये मुद्रित झालेली 'टेक द ए ट्रेन' पुढे एलिंग्टनच्या मरणापर्यंत त्याची मुद्रा होऊन राहिली. जगभर लोक ज्या चालीवरून एलिंग्टनला ओळखत ती त्याची नव्हती. मंचावरून तो हे सांगतही असे, आणि स्ट्रेहॉर्न सभागृहात असला तर त्याला उभा करून टाळ्याही मिळवून देई. टाळ्यांच्या बाबतीत एलिंग्टन कधीच कृपण नव्हता.

कागदावर मात्र चित्र वेगळे. काही रचना दोघांच्या नावावर गेल्या, काही नुसत्या एलिंग्टनच्या. त्यांतल्या कित्येक स्ट्रेहॉर्नने एकट्याने लिहिलेल्या होत्या. स्ट्रेहॉर्नच्या स्वतःच्या नावाने त्याच्या हयातीत निघालेल्या तबकड्या बोटांवर मोजण्याइतक्या. डेव्हिड हाजदू याने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या व्यवस्थेचे जे स्पष्टीकरण दिले आहे ते पुष्कळांनी स्वीकारले आहे. स्ट्रेहॉर्न समलिंगी होता आणि १९४० च्या दशकातही तो ते लपवीत नव्हता. एका कृष्णवर्णीय संगीतकाराने असे उघडपणे जगून वर स्वतःच्या नावाचा ताफा चालवणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते. एलिंग्टनच्या सावलीत त्याला हवे तसे जगता येत होते; घरभाड्याची चिंता नव्हती आणि लिहिलेले लगोलग वाजवून पाहायला जगातला एक उत्कृष्ट ताफा हाताशी होता. स्वातंत्र्याच्या मोबदल्यात नाव, असा हा सौदा. आम्हांस हे स्पष्टीकरण पटते, पण पुरते नाही. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीस स्ट्रेहॉर्न या सावलीतून काही काळ दूर झाला होता, याची संगती त्याने लागत नाही. तो परतला तो श्रेय अधिक ठळकपणे मिळू लागले तेव्हा. शेक्सपिअरच्या पात्रांवर रचलेली 'सच स्वीट थंडर' (१९५७) ही माला या दुसऱ्या पर्वातली, आणि इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात ती कुणी ऐकवत नाही याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. तीतला रोमिओ-ज्युलिएटवरचा तुकडा स्ट्रेहॉर्नने आधीच 'प्रिटी गर्ल' या नावाने लिहून ठेवलेला होता. शेक्सपिअर नंतर आला. त्यानेही दुसऱ्यांचीच कथानके घेतली होती म्हणा.

नेमके कुणी काय लिहिले याचा उलगडा झाला तो पुष्कळ उशिरा. १९८८ मध्ये एलिंग्टनचे कागद वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आले आणि वॉल्टर व्हान द ल्यूर या डच अभ्यासकाने त्यांतली स्वरलेखने हस्ताक्षरांवरून वेगळी केली. त्याचे पुस्तक २००२ चे. पाठचिकित्सा हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करतो. तिचा इतका जिवंत नमुना दुसरा सांगता येणार नाही. मुद्रित तबकडीवर दोघांचा आवाज एकजीव झालेला आहे आणि भलेभले जाणकार तिथे फसलेले आहेत. कागदावर मात्र दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळे हात आहेत. व्हान द ल्यूरचा निष्कर्ष असा की दोघांची रचनापद्धती मुळातच भिन्न होती आणि स्ट्रेहॉर्नला 'एलिंग्टनची सावली' म्हणणे हे संगीताच्या दृष्टीनेही चूक आहे. स्ट्रेहॉर्नला हे ऐकायला मिळाले नाही, हे सांगायला नकोच.

या कथेचा एक पदर आपल्या देशातूनही जातो. १९६३ च्या शरदात अमेरिकी परराष्ट्र खात्याने एलिंग्टनचा ताफा पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला. दमास्कसपासून सुरू झालेला हा दौरा नोव्हेंबरात केनेडींच्या हत्येमुळे तुर्कस्तानात अर्धवट थांबला. मधल्या काळात ताफा भारतात होता, मुंबईतही होता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला तेव्हा पियानोवर स्ट्रेहॉर्न बसला. दिल्लीतल्या मुक्कामात त्याला एका साळुंकीचा आवाज सतत ऐकू येई; 'फार ईस्ट सूट' या मालेतल्या 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही' मध्ये जिमी हॅमिल्टनची क्लॅरिनेट त्या साळुंकीचीच शीळ घुमवत राहते आणि अवतीभवती ताफ्याची कितीही धांदल उडाली तरी ती आपला हेका सोडत नाही. याच मालेतली सर्वांत सुंदर रचना 'इस्फहान'. ती दौऱ्यावर निघण्यापूर्वीच स्ट्रेहॉर्नने 'एल्फ' या नावाने लिहिलेली होती. इराणातले ते शहर तिला नंतर चिकटले. आमच्या तबकडीतल्या एका रचनेचे नाव 'चारपॉय' आहे, म्हणजे आपली चारपाई. खाटेवर अंग टाकून पडलेल्या माणसाची नसून पाय वाजवणाऱ्या माणसाची ती धून आहे, हा भाग वेगळा.

मुंबईच्या श्रोत्यांत त्या वर्षी गोव्याहून आलेले किती वादक असतील याची कल्पना करता येते, कारण शहरातील हॉटेलांचे जॅझ आणि चित्रपटांचे वाद्यवृंद ही दोन्ही कामे तेच करीत होते. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक आणि ताफानायक चिक चॉकलेट, हा स्ट्रेहॉर्नचा जवळजवळ समवयस्क. जन्म १९१६ चा आणि मृत्यू १९६७ चाच. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मधली गाणी आपण चितळकरांची म्हणून गुणगुणतो आणि ती त्यांची आहेतच. परंतु त्या गाण्यांतला पितळी वाद्यांचा झणका या माणसाच्या हातातून आला. सेबास्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनसाठी, अँथनी गोन्साल्विसांनी कित्येकांसाठी, रात्री बसून स्वरलेखने लिहिली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत या मंडळींना जागा मिळालीच तर ती 'सहायक' म्हणून. गोन्साल्विसांचे नाव देशाला ठाऊक झाले ते १९७७ साली त्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, एका विनोदी गाण्यात ते ओवले तेव्हा. (एलिंग्टनच्या ताफ्यातही एक गोन्साल्विस होता: टेनर सॅक्सोफोन वाजवणारा पॉल. त्याचे आईबाप केप व्हर्देचे. पोर्तुगीजांनी दोन समुद्रांच्या काठी एकच आडनाव वाटले आणि दोन्हीकडचे गोन्साल्विस वाद्य हाती धरून दुसऱ्यांच्या ताफ्यात बसले.) ग्रेगरी बूथ याने मुंबईच्या या वादकांना एकेक गाठून २००८ मध्ये पुस्तक केले. त्याला उत्तरे देणारे अनेक जण तोवर फार थकलेले होते.

आता तबकडीकडे वळू. ती ऐकताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की तीत कुणी बोलत नाही. एलिंग्टन वक्ता होता आणि स्ट्रेहॉर्नविषयी बोललाही होता. त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेले, पुढे १९७३ च्या आत्मकथनात आलेले त्याचे टिपण प्रसिद्धच आहे. त्यात तो म्हणतो की स्ट्रेहॉर्न चार गोष्टींपासून मुक्त होता: द्वेषापासून, स्वतःची कीव करण्यापासून, आपल्या कामाचा लाभ आपल्यापेक्षा दुसऱ्याला अधिक होईल या भीतीपासून, आणि आपण भावंडांहून वरचढ आहोत या गर्वापासून. तिसऱ्या मुक्तीपाशी आम्ही दर वेळी अडखळतो. तो 'दुसरा' कोण? लाभ ज्याच्या पदरात पडला तोच देणाऱ्याच्या निःस्वार्थीपणाची स्तुती करतो आहे. आणि अशा स्तुतीत अगदी खरा गहिवर असला तरी ती थोडी सोयीचीही असते. ऋणनिर्देशातले 'मौलिक सूचना' याच जातीचे. तबकडीत असली वाक्ये नाहीत. तीत फक्त स्ट्रेहॉर्नने लिहिलेले आहे आणि ते वाजवणारे बहुतेक लोक तेच आहेत ज्यांच्या फुंकरीची लांबी डोळ्यांसमोर ठेवून त्याने ते लिहिले होते. एक अपवाद कागदाचा: 'डे ड्रीम' या रचनेच्या श्रेयात शब्दकार जॉन लाटूश आणि स्ट्रेहॉर्न यांच्याबरोबर एलिंग्टनचेही नाव पूर्वापार आहे. श्राद्धाच्या पानावरही यजमानाची सही राहून गेली.

यातल्या सर्व तुकड्यांविषयी लिहिण्याचे कारण नाही. 'बू-दाह', 'रेन चेक' आणि 'स्निबॉर' या चपळ, हसऱ्या, उत्तम बांधणीच्या रचना आहेत. शोकसभेत कुणी मयताचा विनोद सांगावा आणि सगळ्यांनी मोकळे हसावे, तसे त्या ऐकताना होते. 'यूएमएमजी' ही अक्षरे एका दवाखान्याच्या नावाची आहेत: एलिंग्टन आणि स्ट्रेहॉर्न या दोघांचा मित्र आणि डॉक्टर आर्थर लोगन याचा हा दवाखाना. निरोगी दिवसांत रचलेली ती धून खेळकर आहे. दवाखान्याशी नाते सांगणारी दुसरी रचना याच तबकडीवर आहे आणि ती खेळकर नाही.

'ब्लड काउंट' ही स्ट्रेहॉर्नची शेवटची पूर्ण रचना. तिचे मूळ नाव 'ब्लू क्लाउड', निळा ढग. रुग्णालयात खाटेवर पडून त्याने ती लिहिली, ताफ्याकडे पाठवली, आणि नाव बदलून रक्ताच्या तपासणीचे ठेवले. कवीने निळा ढग खोडून त्या जागी तपासणीच्या कागदावरचा शब्द लिहावा, यात काय घडते ते कवितेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. ती वाजवतो जॉनी हॉजेस. हॉजेसची आल्टो सॅक्सोफोन एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जाते; आपल्या कानांना ती मींड वाटते आणि म्हणूनच जॅझशी फारशी ओळख नसलेल्या मराठी श्रोत्यालाही हा वादक पटकन आपला वाटतो. त्याच्या गोडीची चेष्टाही होत असे. स्ट्रेहॉर्नने पाव शतक या गोडीसाठी संथ रचना लिहिल्या. इथेही तीच लिहिली आहे असे पहिल्या काही सुरांत वाटते. मग लक्षात येते की चाल एकेका अर्ध्या सुराने खाली उतरते आहे, विसाव्याची जागा आली असे वाटताच ती जागा सरकते आहे, आणि खालचा स्वरमेळ हॉजेसला कुठेच निवांत टेकू देत नाही. मध्यावर तो वर चढतो आणि तिथे त्याचा मध सांडून जातो. आवाज खरखरीत, जवळजवळ रागीट होतो. ताफा त्याच्या मागून उसळतो. आणि पुन्हा सारे पहिल्या चालीवर येते, जणू मधे काही घडलेच नाही. हॉजेस पुढे तीन वर्षांनी, मे १९७० मध्ये गेला. स्टॅन गेट्झने १९८२ साली हीच रचना वाजवली आहे आणि तीही थोर आहे, पण गेट्झ एक सुंदर दुःखी चाल वाजवतो. हॉजेससाठी ते ओळखीच्या हस्ताक्षरातले आलेले शेवटचे पत्र होते.

तबकडी संपते 'लोटस ब्लॉसम' वर. चाल जुनी, १९४७ मध्ये हॉजेसने ती 'शार्लोट रूस' या नावाने मुद्रित केली होती. लय तीन मात्रांची, सावकाश झुलणारी. एलिंग्टन आपल्यापुरती ही चाल वाजवी तेव्हा स्ट्रेहॉर्नला ती ऐकायला फार आवडे. मुद्रणाचे काम आटोपले होते, वादक वाद्ये पेट्यांत ठेवीत होते, आणि एलिंग्टन पियानोवर बसून ती वाजवू लागला. ध्वनिमुद्रण चालू होते. आपल्याला ऐकू येते ते असे: पियानो, आणि त्यामागे माणसांचे बोलणे, काही ठेवल्या-उचलल्याचे आवाज, कामाच्या शेवटी असते तशी सैल गडबड. एलिंग्टन चाल पुन्हा वाजवतो. तो तिच्यावर काही रचत नाही, नक्षी काढत नाही; चाल जशी लिहिली आहे तशीच, फक्त प्रत्येक वेळी बोटांचा भार थोडा बदलून. एकदा तर तो इतक्या जोराने आघात करतो की कानाला लागते. मागचे बोलणे हळूहळू विरते. नेमके कोणत्या क्षणी ते थांबले हे आम्ही पुष्कळदा टिपू पाहिले, सापडत नाही. शेवटच्या आवर्तनात खोलीत त्याच्याशिवाय कुणी आहे की नाही हे कळत नाही.

याही प्रसंगाविषयी शंका घेता येते. हा योगायोग की बनाव? मुद्रणयंत्र चालू असल्याचे एलिंग्टनसारख्या मुरलेल्या माणसाला ठाऊक नव्हते काय? आमच्या एका मित्राचे म्हणणे असे की एलिंग्टन आयुष्यभर नट होता आणि इथेही त्याने प्रवेश उत्तम वठवला. असेलही. आमचे लक्ष त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीकडे जाते. हे मुद्रण तबकडीत घ्यायचे कुणीतरी ठरवले, आणि घेताना मागचा गलका पुसला नाही. शांत स्टुडिओत दुसऱ्या दिवशी बसून स्वच्छ वादन मुद्रित करणे सहज शक्य होते. संपादनाचा हा निर्णय आम्हांस त्या सबंध तबकडीतला सर्वांत धाडसी वाटतो. स्ट्रेहॉर्न ज्या खोलीत, ज्या गडबडीत, पेट्यांच्या ज्या खडखडाटात आयुष्यभर काम करीत राहिला ती खोली त्यामुळे तबकडीत आली. समासांतल्या टिपा छापायच्या झाल्या तर त्या अशाच छापाव्या लागतात. ज्या पानांच्या कडेला त्या आहेत ती दुसऱ्यांच्या नावांची पाने सोबत घेऊन.

१९६९ मध्ये या तबकडीला ग्रॅमी मिळाले. आदल्याच वर्षी 'फार ईस्ट सूट'ला मिळाले होते. दोन्ही पुरस्कार अर्थातच एलिंग्टनच्या नावे आहेत. स्ट्रेहॉर्नच्या नावावर भर दिलेली मोठी तबकडी यायला १९९२ उजाडले: जो हेंडरसनची 'लश लाइफ, द म्युझिक ऑफ बिली स्ट्रेहॉर्न'. तीत एलिंग्टनचा उल्लेख न करताही स्ट्रेहॉर्नचे संगीत उभे राहू शकते हे सिद्ध झाले, आणि तरुण श्रोत्यांची एक पिढी या नावाकडे तिच्यामुळे वळली. हेंडरसनला ज्यासाठी ग्रॅमी मिळाले ते एकट्या सॅक्सोफोनवरचे 'लश लाइफ' पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगे आहे. स्ट्रेहॉर्नने ते गाणे एलिंग्टनला भेटण्याआधी, विशीत पाऊल टाकता टाकता लिहिले होते. एलिंग्टनच्या ताफ्याची आम्हांस तिथे आठवण होत नाही. 'ब्लड काउंट' सुरू झाले की मात्र होते.

'अँड हिज मदर' च्या पुढच्या सीडी आवृत्त्यांत 'लोटस ब्लॉसम'चे आणखी एक मुद्रण घातले आहे. त्यात पियानोबरोबर बास आणि हॅरी कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन आहे. गोंगाट नाही, सगळे जागच्या जागी आहे, आणि म्हणूनच बहुतेक लोक ते एकदा ऐकून सोडून देतात. आम्ही अलीकडे ते जास्त ऐकतो. कार्नी चाल वाजवतो ती जाड, खोल, फार सावकाश श्वासाने. एलिंग्टन त्याच्या खाली साथीला राहतो आणि पुढे येत नाही. कार्नी १९२७ साली, सतरा वर्षांचा असताना, एलिंग्टनच्या ताफ्यात आला होता, आणि तो ताफा सोडून कधी गेला नाही. गावोगावच्या प्रवासात ताफा बसने जाई आणि एलिंग्टन कार्नीच्या मोटारीतून. गाडी कार्नी चालवी. १९७४ च्या मे महिन्यात एलिंग्टन गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्नी.